लहानपणीचा लळा आणि पुढचं आयुष्य: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या अटॅचमेंटबद्दल पालक जे लिहून पाठवतात, त्यातलं बरंचसं फिरूनफिरून एकाच धास्तीशी येतं: आमच्या हातून काही कायमचं बिघडलं तर नाही ना? विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात, आणि पुष्कळदा घरातलं किंवा शेजारचं कोणीतरी काहीतरी बोलून गेलेलं असतं. खालचे प्रश्न शक्य तितके त्यांच्याच भाषेत ठेवलेत. तेच उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अटॅचमेंट म्हणजे नक्की काय? आईचं प्रेमच ना?

आईबाबांचं बाळावरचं प्रेम वेगळं आणि बाळाला त्यांचा लागलेला लळा वेगळा. अटॅचमेंट म्हणतात ती या दुसऱ्या गोष्टीला. दीड वर्षाचं मूल बागेत घसरगुंडीपर्यंत जातं, आई बाकावर आहे ना हे वळून बघतं आणि पुढे सरकतं. कुत्रा भुंकला की धावत येऊन तिच्या मांडीत तोंड खुपसतं. दोन मिनिटांनी परत घसरगुंडी. भीती वाटली, दुखलं-खुपलं, दमायला झालं की ठरावीक माणसाकडे धाव घ्यायची, तिथे शांत व्हायचं आणि मग पुन्हा जग बघायला निघायचं, असा हा फेरा आहे. यातलं परत निघणंही धावत येण्याइतकंच महत्त्वाचं.

घरात माया उदंड असूनही हा फेरा अडखळत चाललेला असू शकतो. म्हणून मुलाच्या अटॅचमेंटबद्दल काही बोललं गेलं, तर ती आईच्या प्रेमावर घेतलेली शंका समजू नये.

२. हे पाश्चात्त्यांचं खूळ तर नाही?

सिद्धांत मांडला तो ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर, पोरक्या झालेल्या मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याकडून अहवाल मागवला, तो १९५१ मध्ये निघाला. बाळ आईला चिकटतं ते फक्त दुधासाठी, असं तेव्हा सरसकट मानलं जाई. १९५८ मध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले आणि त्या समजाला तडा गेला. तारेची 'आई' दूध देत होती, तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या 'आई'ला बिलगून राहायची. प्रयोग क्रूर होते, हे आज कोणी नाकारत नाही.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक लघुपट दाखवला. हॉस्पिटलात एकटीच ठेवलेली दोन वर्षांची मुलगी दिवसागणिक कशी मिटत जाते, एवढंच त्यात होतं. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत तेव्हा आईबाबांना भेटायला जेमतेम वेळ मिळे. १९५९ च्या सरकारी अहवालाने ते नियम सैल करायला सांगितले, त्यामागे या लघुपटाचा मोठा वाटा होता.

आता 'पाश्चात्त्य' या आक्षेपाबद्दल. घरोघर बसून बाळांच्या लळ्याचं पहिलं बारकाईचं निरीक्षण मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी केलं ते युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत, १९५४-५५ मध्ये. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या त्यांच्या अभ्यासाचा नंबर नंतर लागला. तरीही आक्षेपात तथ्य आहे, त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

३. सिझेरियन झालं, बाळ आठ दिवस एनआयसीयूत होतं. जन्मानंतर लगेच आईच्या कुशीत जायचा तो 'पहिला तास' हुकला. आता काय?

काही नाही. बदकाच्या पिल्लांवर जन्मानंतर लगेच आईची छाप उमटते, माणसाच्या बाळाचं तसं नसतं. ते पहिले दोन-तीन महिने जवळपास कोणाच्याही कडेवर शांत होतं. मग ओळखीची माणसं निवडू लागतं, आणि ठरावीक माणसाचा ठळक लळा दिसतो तो साधारण सातव्या ते नवव्या महिन्यात. अनोळखी माणसाला पाहून ओठ काढणं, आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून रडणं, हे तेव्हाच सुरू होतं. तुमच्यापाशी वेळ भरपूर होता आणि आहे.

कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या छातीशी, बाळाला धरायला डॉक्टर सांगतात ते जरूर करावं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झालेली ही रीत कमी वजनाच्या बाळांचे जीव वाचवते. पण ती लळ्याची एकमेव खिडकी नव्हे.

४. आमच्या मुलाचं नातं 'सुरक्षित' आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

एन्सवर्थ यांनी त्यासाठी जी चाचणी बसवली ती साधारण एक ते दीड वर्षाच्या मुलांसाठी आहे. अनोळखी खोली, खेळणी, आई आणि मूल. एक अनोळखी बाई आत येते, थोड्या वेळाने आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते. तीन-तीन मिनिटांचे प्रसंग, सगळा मामला वीसेक मिनिटांचा. बघणाऱ्याला वाटतं, आई गेल्यावर मूल किती रडतं ते मोजत असतील. तज्ज्ञांचा डोळा असतो तो आई दारातून परत येते त्या क्षणावर.

काही मुलं हात पसरून येतात, कडेवर हुंदके देतात आणि मिनिटभरात खेळण्याकडे वळतात. ही सुरक्षित. बाल्टिमोरमध्ये अशी साधारण दोन तृतीयांश होती. काही मुलं मान फिरवून ठोकळ्यांशी खेळत राहतात. घरच्यांना वाटतं, काय शहाणं बाळ! पण त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात. या मुलांना टाळणारी म्हणतात. काही आईला चिकटतात आणि त्याच वेळी तिला लाथाही मारतात, समजूत म्हणून पटत नाही, ही घुटमळणारी. चौथा, विस्कळीत प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सोलोमन यांनी १९८० च्या दशकात जोडला: मूल आईकडे येता येता गोठून थांबतं, किंवा मागे मागे सरकत येतं. ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती वाटत असली की असं होतं. काळजी करायची ती मुख्यतः या चौथ्याची. टाळणारी आणि घुटमळणारी मुलं आजारी नसतात, त्यांनी आपल्या घराशी जुळवून घेतलेलं असतं.

ही चाचणी घरी करू नका. एका संध्याकाळच्या वागण्यावरून मुलाला शिक्का मारू नका.

५. लेक पाळणाघरात दिवसभर छान खेळते आणि मला दारात पाहिलं की भोकाड पसरते. तिथल्या ताई म्हणतात, "तुम्ही दिसलात की नाटकं सुरू."

नाटकं नव्हेत. दिवसभर गिळून ठेवलेलं रडू ती तुमच्यापाशी बाहेर काढते, कारण ते तिथे काढायला चालतं हे तिला ठाऊक आहे. चप्पल, डबा, रिक्षा हे सगळं पाच मिनिटं बाजूला ठेवा, खाली बसा, जवळ घ्या. चॉकलेट पुढे करून किंवा "बघ बघ, भूभू" म्हणून लक्ष उडवायची गरज नसते. सकाळी सोडतानाही नजर चुकवून पळ काढू नये. रडली तरी "येते मी" म्हणून जावं आणि यावं. चोरून गेलेल्या आईवर मूल पुढचे चार दिवस पहारा ठेवतं.

६. सासूबाई म्हणतात, रडलं की लगेच उचलू नकोस, सवय लागेल.

एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये छापलेल्या २६ मायलेकरांच्या अभ्यासात उलटं दिसलं. ज्या आया लवकर धावल्या त्यांची मुलं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. पुढे हॉलंडमधल्या अभ्यासात चित्र इतकं सरळ निघालं नाही. बारीक किरकिरीला थोडं थांबून बघणाऱ्या घरांत रडण्याच्या वेळा कमी झाल्या होत्या. त्यामुळे दोघींचंही थोडं थोडं खरं. झोपेतल्या कुरकुरीला मिनिटभर थांबायला हरकत नाही. भेदरलेल्या, कळवळून रडणाऱ्या बाळाला मात्र ताटकळत ठेवू नये, आणि पहिल्या सहा महिन्यांत तर 'सवय लागेल' हा हिशेब करूच नये.

रात्री स्वतःच झोपायला शिकवण्याच्या पद्धतींवरून परदेशात फार खडाजंगी चालते. सहा महिन्यांपुढच्या बाळांवर त्या हळूहळू वापरल्याने लळा बिघडल्याचं ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत दिसलं नाही. आपल्याकडे बाळ आईशेजारीच झोपतं, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा परदेशी राहणारेच पाठवतात.

७. माझी रजा संपतेय. सहा महिन्यांचं बाळ पाळणाघरात ठेवलं तर अटॅचमेंट बिघडेल?

यावरचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतला आहे. १९९१ मध्ये जन्मलेली, दहा ठिकाणची तेराशेहून जास्त मुलं त्यात होती. नुसतं पाळणाघरात असण्याने पंधरा महिन्यांच्या मुलाच्या लळ्यात फरक पडला नाही. जिथे घरीही मुलाच्या खाणाखुणा फारशा ओळखल्या जात नव्हत्या आणि पाळणाघरही सुमार होतं, किंवा तास जास्त होते, किंवा सांभाळणारी माणसं सारखी बदलत होती, तिथे धोका वाढला. म्हणजे आईने नोकरी करावी का, हा मुद्दाच नाही. पाळणाघर कसलं आहे, हा आहे.

तिथे भिंतीवरची चित्रं आणि 'अ‍ॅक्टिव्हिटी'ची यादी बघू नका. एका ताईकडे किती बाळं आहेत, आणि गेल्या वर्षभरात किती ताई बदलल्या, एवढं विचारा. शक्य असेल तर दुपारी न सांगता जा आणि रडणाऱ्या बाळाकडे किती वेळात कोणी वळतं ते बघा.

वेळेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रसूती-रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तिचे काही आठवडे प्रसूतीआधी गेले तर आई कामावर परतते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं. प्रश्न ३ मध्ये सांगितलेला सात-आठ महिन्यांचा अनोळखी माणसांची भीती वाटण्याचा टप्पा तोंडावर आलेला असतो. त्यामुळे जमलं तर रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून बाळाला ताईंची ओळख करून द्या, आधी तुम्ही तिथेच बसून, मग तासभर सोडून. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. ही तरतूद कागदावर राहते, हे खरं. पण मागितल्याशिवाय तर मिळतच नाही.

८. दिवसभर आजी सांभाळते. बाळ माझ्याऐवजी तिच्याकडेच जातं. मी कमी पडतेय का?

नाही, आणि आजीने तुमचं काही हिरावूनही घेतलेलं नाही. ग्लासगोमध्ये रूडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी साठ बाळांचा माग ठेवला, त्याचे निष्कर्ष १९६४ मध्ये आले. दीड वर्षापर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता, आणि काहींचं सर्वांत लाडकं माणूस दिवसभर सांभाळणारं नव्हतंच. बाळ तास मोजत नाही. आपल्या हाकेला कोण ओ देतं ते बघतं.

सिद्धांत इथे खरोखर तोकडा पडला होता. बोल्बींच्या सुरुवातीच्या लिखाणात एकच आई केंद्रस्थानी आहे. भुवनेश्वरमधल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या सुझन सेमूर यांनी दाखवलं की तिथे बाळ आजी, काकू, मोठी बहीण अशा अनेक हातांत वाढतं आणि त्यात काही कमतरता नसते. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी समाजात तर अनोळखी माणसाला पाहून शांत राहणारं बाळच चांगलं बाळ मानतात, असं हायडी केलर सांगतात. त्या बाळांना एन्सवर्थच्या खोलीत बसवून काय मोजणार? दुसरीकडे, आठ देशांतल्या जवळपास दोन हजार मुलांचे निकाल १९८८ मध्ये एकत्र केले तेव्हा सुरक्षित मुलं सगळीकडे जास्त निघाली, आणि देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या गटागटांतला फरक मोठा होता.

थोडक्यात, दोन-तीन पक्की माणसं असणं ही बाळाची चैन आहे. अडचण होते ती आजी आणि आई एकमेकींचा शब्द बाळादेखत मोडू लागल्या की.

९. बाबांना यात काही काम आहे का?

आहे. बाळ वडिलांशी वेगळं नातं बांधतं, ते आईशी असलेल्या नात्याची नक्कल नसते. एकाशी सुरक्षित आणि दुसऱ्याशी डळमळीत असंही आढळतं. 'मी कमावतो, ती बघते' म्हणणाऱ्या बाबांनी रोजची एक गोष्ट पूर्णपणे आपल्याकडे घ्यावी: आंघोळ, रात्रीचं झोपवणं किंवा डॉक्टरची फेरी. मदत म्हणून नको. आपलं काम म्हणून.

१०. मी चिडते, ओरडते. एकदा तर चापट मारली. संपलं का सगळं?

एड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी गप्पा मारता मारता एकदम चेहरा दगडासारखा करते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, किंचाळतं, शेवटी मान फिरवून मलूल होतं. दोन मिनिटंच, पण बघवत नाही. मग आई परत हसते आणि बाळ, थोडं रुसून का होईना, परत येतं. लोक या प्रयोगातला दगडी चेहरा लक्षात ठेवतात आणि पुढचं परत जुळणं विसरतात. ट्रॉनिक यांनी नेहमीच्या, सुखरूप मायलेकरांकडेही बघितलं, तर त्यांचे सूर निम्म्याहून बराच जास्त वेळ जुळलेले नव्हतेच. चुकायचं आणि जुळवून घ्यायचं, असंच ते चालतं.

म्हणून ओरडल्यावर दहा मिनिटांनी जाऊन "आई खूप जोरात ओरडली ना, तू घाबरलास" एवढं म्हणा. आपल्याकडे मुलाची माफी मागणं कमीपणाचं वाटतं. मागून बघा. मारणं मात्र यात बसवू नका. मूल तुम्हालाच घाबरू लागलं तर प्रश्न ४ मधल्या चौथ्या प्रकाराकडे वाट जाते. हात वारंवार उठत असेल तर मदत घ्यावी.

११. बाळंतपणानंतर कितीतरी दिवस मला बाळाबद्दल काहीच वाटत नव्हतं. नुसतं रडू यायचं.

हे नैराश्य असण्याची शक्यता मोठी आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के नैराश्यात होत्या, आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती आणि मुलगा हवा असताना मुलगी होणंही होतं. म्हणजे अर्धं दुखणं घरातच असतं, आणि "बाळाकडे बघ, बरं वाटेल" असं म्हणून ते जात नाही. या मातांच्या बाळांचं वजनही सहा महिन्यांना मागे पडलेलं आढळलं.

हे बरं होतं. गोव्यातच पुढे गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन गरोदरपणापासून घरी भेटी द्यायला लावलं, तेव्हा त्या गटात बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. डॉक्टरांना किंवा आशाताईंना स्पष्ट सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल किंवा बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि तुम्ही उठेपर्यंत बाळाला दुसऱ्या कोणाचा लळा लागला, तर तो लागू द्या (प्रश्न ८).

१२. पहिल्या दोन वर्षांवर सगळं आयुष्य ठरतं, हे खरं का?

सगळं ठरत नाही, पण कल पडतो. यावरचं माझ्या लेखी सर्वांत भरवशाचं काम मिनेसोटातलं. १९७५ मध्ये पहिलटकरीण, गरीब अशा २६७ आयांपासून ते सुरू झालं आणि मुलं मोठी होईपर्यंत चाललं. बाळपणी सुरक्षित ठरलेली मुलं बालवाडीत जास्त स्वावलंबी होती. बाईंना सारखी चिकटणारी, मदत मागणारी मुलं डळमळीत, म्हणजे असुरक्षित, गटातली निघाली. 'लाडाने मूल परावलंबी होतं' म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. सुरक्षित मुलांची पुढे मैत्रीही जास्त चांगली टिकली. काही मुलं मधल्या वर्षांत घसरली, पण सुरुवात चांगली झालेली मुलं परिस्थिती सुधारल्यावर लवकर सावरली.

आता आकड्यांची दुसरी बाजू. ६९ अभ्यास आणि जवळपास सहा हजार मुलांचा एकत्रित हिशेब २०१० मध्ये लागला. मारामारी, हट्ट, आक्रमकपणा यांच्याशी असुरक्षित लळ्याचा संबंध निश्चित आढळला, पण तो मध्यमाहून लहान होता. उदासी आणि घाबरटपणाशी असलेला संबंध त्याहूनही कमी. एका मुलाकडे बघून 'हा पुढे असा होणार' असं सांगता येईल, एवढा तर मुळीच नाही. लळ्याचा प्रकारही कायम राहत नाही. घरात मृत्यू, व्यसन, कर्ज, मारहाण शिरली की सुरक्षित मूल डळमळतं. आई नैराश्यातून बाहेर आली की उलटंही होतं. बाळपण आणि पंचविशी यांत पंधराहून जास्त वर्षांचं अंतर पडलं की जुना प्रकार नव्याशी फारसा जुळत नाही, असं संकलनांत दिसतं. ही जन्मपत्रिका नव्हे.

'पहिले हजार दिवस'वाली भाषणं मला म्हणूनच पुरती पटत नाहीत. आहार आणि लसीकरणासाठी ती ठीक आहेत. लळ्याच्या बाबतीत ती आयांना घाबरवतात आणि तीन वर्षांपुढच्या मुलांना मोडीत काढतात.

१३. आम्ही अडीच वर्षांची मुलगी दत्तक घेतोय. उशीर झालाय का?

याचं उत्तर रुमानियातून येतं. १९८९ च्या डिसेंबरात हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळली आणि तिथली अनाथालयं जगासमोर आली: रांगेने खाटा, बाटल्या उशीला टेकवलेल्या, बोलायला कोणी नाही. राजधानी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी पद्धतीने पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. साडेतीन वर्षांची झाली तेव्हा कुटुंबांतली ४९ टक्के मुलं सुरक्षित नात्यात होती, दुसऱ्या गटातली १८ टक्के. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांचा मायकेल रटर यांनी अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत आलेली मुलं इतरांसारखीच वाढली. त्याहून उशिरा आलेल्यांत अडचणी जास्त राहिल्या. तरी त्यांतलीही साधारण पाचातली एक मुलं तरुणपणापर्यंत कुठल्याच मोजमापात मागे नव्हती.

तुमची लेक त्या अनाथालयातून येत नाहीये. आपल्याकडच्या संस्थांत अनेकदा एखाद्या मावशींचा मुलांना खरा लळा असतो. तसं असेल तर ती चांगली बातमी समजा: जी एकदा लळा लावू शकली ती पुन्हा लावेल. संस्थेला त्या मावशींचं नाव विचारा, फोटो मागा, जमलं तर निरोपाची भेट घडवा. पहिले काही महिने पाहुण्यांची रांग, बारशासारखा मोठा समारंभ, मामाकडे मुक्काम हे सगळं टाळा. खायला घालणं, न्हाऊ घालणं, झोपवणं हे तुम्ही दोघांनीच करा. सुरुवातीला ती रडत नसेल, तर त्याला 'किती लवकर रुळली' समजू नका. ती रडू लागली, रुसू लागली, की रुळायला सुरुवात झाली.

१४. आम्हाला मुलाला काही महिने आजी-आजोबांकडे ठेवावं लागतंय.

असं लिहिणारे दोन टोकांचे लोक आहेत. एक, बीडकडचे ऊसतोड कामगार. दिवाळीच्या आसपास कोयता निघाला की परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो, आणि मूल फडावर न्यायचं की मागे ठेवायचं हा दरवर्षीचा पेच असतो. दुसरे, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात दोघं नोकरी करणारे. ते बाळाला पुण्याला पाठवतात किंवा आजीला बोलावतात, आणि व्हिसाचे सहा महिने संपले की ती परत जाते.

वय बघा. आठ महिने ते अडीच वर्षं या काळातली ताटातूट सर्वांत जड जाते, कारण लळा पक्का असतो पण 'आई चैत्रात येणार' हे समजत नसतं. मागे ठेवायचंच असेल तर आधी महिनाभर सगळे एकत्र राहा, मग निघा. एकाच आजीकडे ठेवा. आज आजोळ, उद्या आत्या असं नको. आईची न धुतलेली साडी मुलाच्या अंथरुणात राहू द्या. परत आल्यावर मूल ओळख न दाखवता आजीमागे लपलं, तर रागावू नका आणि त्याला ओढून घेऊ नका. ते काही दिवस तसंच वागेल, मग अचानक सारखं चिकटून बसेल. दोन्ही ठीक. आणि अमेरिकेतून आजी परत निघते तेव्हा तुटतो तो बाळाचा खरा लळा असतो. व्हिडिओ कॉल रोज ठरल्या वेळी करा आणि नवी सांभाळणारी आजी जायच्या आधीच येऊ द्या.

१५. माझंच बालपण मारहाणीत गेलं. मीही तशीच होणार का?

मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मोठ्यांच्या मुलाखतींवर आधारित काम मांडलं. त्यात काय घडलं यापेक्षा ते कसं सांगितलं जातं याला महत्त्व आहे. "सगळं छान होतं" म्हणून एकही प्रसंग न आठवणारे आणि "बाबा मारायचे, मी पलंगाखाली लपायचे, त्यांना स्वतःलाही तेच मिळालं होतं हे आता कळतं, पण ते चूकच होतं" असं सलग सांगू शकणारे यांत फरक पडतो. दुसऱ्या प्रकारच्या आईबाबांची मुलं बहुधा सुरक्षित निघतात. सुरुवातीच्या अभ्यासांत पालकाच्या मुलाखतीचा निकाल आणि मुलाच्या लळ्याचा प्रकार साधारण चारांपैकी तीन वेळा जुळले होते. नंतरच्या मोठ्या संकलनात हा दुवा बराच सैल भरला. जोडीदार, मैत्रीण, समुपदेशक, एखादी मावशी, यांच्यापाशी हे बोलत आलेल्या बायकांची मुलं पुष्कळदा व्यवस्थित वाढतात.

१६. एका ऑनलाइन टेस्टमध्ये मी 'अँक्शस अटॅचमेंट', म्हणजे नात्यात सतत धास्तावलेली, निघाले. हे आईमुळेच ना?

त्या टेस्टचं मूळ १९८७ मध्ये सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या प्रश्नावलीत आहे. ती प्रेमसंबंधांबद्दल विचारते. प्रश्न १५ मधली मुलाखत आणि ही प्रश्नावली एकाच माणसाला दिली तर निकाल फारसे जुळत नाहीत. तुमचा जोडीदार तीन-तीन दिवस मेसेजला उत्तर देत नसेल, तर अस्वस्थ व्हायला आई कशाला हवी?

१७. मुलगा ऑटिस्टिक आहे. डोळ्याला डोळा देत नाही, जवळ घेऊ देत नाही. त्याला आमचा लळाच नाही का?

असतो. एकत्रित अभ्यासांत साधारण निम्मी ऑटिस्टिक मुलं सुरक्षित आढळली. त्यांची रीत निराळी असते: अंगाला पाठ टेकवून बसणं, तुमचीच ओढणी हवी असणं, तुम्ही घरी आलात की खोलीभर गोल फिरणं. ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो, हा विसाव्या शतकाच्या मध्याचा सिद्धांत केव्हाच खोटा ठरलाय. तरीही एखादा वडीलधारा तो ऐकवतोच.

१८. आम्ही वेगळे होतोय. मुलगी दोन वर्षांची आहे. रात्री कुठे राहावं?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो, आणि शेवटचा निकष मुलाचं हित हाच असतो. बाकीचं वकिलांना विचारा. लळ्याच्या बाजूने एवढं: या वयात पंधरवड्यातून एकदा पूर्ण शनिवार-रविवार यापेक्षा आठवड्यातून तीन-चार छोट्या भेटी बऱ्या. बाबा आधीपासून न्हाऊ-जेवू घालत असतील तर त्यांच्याकडचा मुक्कामही जमतो. मुक्काम किती, कधीपासून, यावर तज्ज्ञांतही वाद आहेत. ज्यावर वाद नाही ते म्हणजे सोडायच्या-घ्यायच्या वेळी दारात भांडणं नकोत. ती टाळणं जमत नसेल तर मुलीची देवाणघेवाण आजोबांकडून करवा.

१९. आमचा तीन वर्षांचा मुलगा कोणाच्याही मांडीवर जाऊन बसतो, कोणाचंही बोट धरून चालू लागतो. मिळून-मिसळून आहे म्हणावं की काळजी करावी?

मुलगा जन्मापासून तुमच्याकडेच असेल आणि पडल्यावर, घाबरल्यावर रडत तुमच्याकडेच येत असेल, तर तो नुसता माणसाळलेला आहे. वाड्यात, चाळीत वाढलेली कितीतरी मुलं अशी असतात. सुरक्षिततेचे साधे नियम शिकवा, बस.

सुरुवातीची वर्षं संस्थेत, रस्त्यावर किंवा घरोघर फिरण्यात गेली असतील आणि तो दुखलं तरी तुमच्याकडे न येता बसमधल्या अनोळखी बाईला बिलगत असेल, मागे वळूनही बघत नसेल, तर मात्र बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात (डीएसएम-५) याला स्वतंत्र जागा आहे. कोणाच्याच जवळ न जाणाऱ्या, समजूत न घेणाऱ्या मुलांचं निदान वेगळं. बुखारेस्टमध्ये (प्रश्न १३) दिसलं ते असं की चांगलं कुटुंब मिळाल्यावर कोणाकडेच न जाणारी मुलं लवकर सुधारली, आणि सगळ्यांकडे जाणाऱ्यांची सवय, घरच्यांचा लळा लागल्यानंतरही, रेंगाळली. म्हणून हे वागणं टिकलं याचा अर्थ तुमच्याशी नातं जुळलं नाही, असा काढू नका. शाळेला कल्पना द्या, मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून द्या, आणि 'ट्रीटमेंट' म्हणून मुलाला घट्ट आवळून धरायला सांगणाऱ्यांपासून लांब राहा. तशा प्रकारांत अमेरिकेत मुलं दगावली आहेत.